मिटल्या चोचीचा तांबट

तांबट ओरडतो तेव्हा त्याची चोच मिटलेली असते. हिवाळा सरता सरता ‘टुक टुक टुक’ असा त्याचा ठोका आरेतल्या उंबरांवरून आणि अंधेरीतल्या सोसायट्यांच्या पिंपळांवरून दिवसभर ऐकू येतो, पण तो उघड्या तोंडातून निघत नाही. प्रत्येक ठोक्याला गळ्याच्या बाजूची त्वचा फुगते, डोकं किंचित हलतं, मान कधी इकडे तर कधी तिकडे वळते. त्यामुळे आवाज नेमका कुठून येतोय हेही चटकन कळत नाही. कपाळावरचा लाल टिळा, डोळ्याभोवतीचा पिवळा, छातीवरची किरमिजी पट्टी, पोटावरच्या हिरवट रेघा, हे सगळं बिनचूक रंगवून एखाद्यानं चोच उघडी ठेवली, तर चित्र तांबटाचं राहील. गाणाऱ्या तांबटाचं मात्र राहणार नाही.

पक्ष्यांचं वास्तवदर्शी चित्र कशाला म्हणायचं, याचं माझं उत्तर या मिटल्या चोचीत आहे. पिसन् पीस दिसलंच पाहिजे ही अट मला कधी पटलेली नाही. प्रदर्शनात चित्रासमोर थांबून ‘अगदी फोटोसारखं!’ अशी दाद देणारे पुष्कळ भेटतात आणि ती दाद मनापासूनची असते. पण चित्राचा कस तिथे लागत नाही. पक्षी त्या फांदीवर असा बसतो का? त्याचं वजन पायांवर आलंय का? या महिन्यात त्याची पिसं या रंगाची असतात का? ते झाड त्याच्या खाण्याचं की रात्रीच्या मुक्कामाचं? आणि या क्षणी तो काय करतोय? चित्रकाराला हे ठाऊक आहे की नाही, ते चित्रात दिसतंच. हात कितीही तयार असला तरी जे ठाऊक नाही ते त्याला काढता येत नाही. म्हणून कागद, ब्रश आणि रंगांच्या प्रकरणांकडे वळण्याआधी ही विद्या आपल्यापर्यंत कशी आली आणि मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्याला ती शिकायची केवढी सोय आहे, ते सांगणं मला गरजेचं वाटतं.

पक्षी काढायची हौस आपल्याकडे फार जुनी. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्याच्या छतावर हंसांची रांग आहे. एकेकाची मान निराळी वळलेली, एकाची ढब दुसऱ्यासारखी नाही. ती काढणाऱ्यानं हंस चालताना पाहिले होते याबद्दल मला शंका वाटत नाही. वारली चित्रांत पक्षी चार-पाच रेघांत येतो आणि तरी मोर कोणता, कोंबडा कोणता, हे विचारावं लागत नाही. मुलुंड-घाटकोपरहून रोज सीएसएमटीला उतरणारी माणसं ज्या इमारतीतून बाहेर पडतात, तिच्या दगडी कोरीवकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. पानाफुलांत, प्राण्यांत तिथे मोरही आहे. पण हा मोर सगळ्या मोरांचा मिळून एक. आपला विषय सुरू होतो तो चित्रकार ‘हाच पक्षी, इथे, असा’ म्हणायला लागतो तेव्हा.

आपल्या देशात असं ठामपणे म्हणणारा पहिला मोठा चित्रकार म्हणजे जहांगीरच्या दरबारातला उस्ताद मन्सूर. १६१२ साली मुकर्रब खानानं गोव्याहून काही नवलाईचे प्राणी बादशहासाठी आणले. त्यांत अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत आलेला टर्की होता. जहांगीरनं आपल्या आठवणींत त्याचं बारकाईनं वर्णन केलंय आणि चित्रकारांकडून त्याचं चित्र काढून घेतल्याचंही नोंदवलंय. नुसत्या शब्दांनी ऐकणाऱ्याचा विश्वास बसणार नाही, असं त्याला वाटत होतं. मन्सूरचं ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. टर्कीच्या गळ्याची लोंबती कातडी, तिच्यावरच्या पुळ्या, पायांवरचे खवले, कुठेही नटवण्याची घाई नाही. मन्सूरच्या नावावर सायबेरियन क्रौंचाचं एक चित्र आहे, डोडोचं आहे. क्रौंच आता भारतात यायचा थांबला आणि डोडो तर पृथ्वीवरूनच गेला. चित्रकारानं नीट पाहिलं होतं, म्हणून आज त्या चित्रांना पुराव्याची किंमत आली.

पुढे कंपनीच्या काळात ही नजर दरबारातून साहेबांच्या बागेत गेली. कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश सर एलिजा इम्पी यांच्या पत्नी मेरी इम्पी यांनी १७७७ पासूनच्या काही वर्षांत आपल्या बागेतले पक्षी-प्राणी शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास या पाटण्याच्या तीन चित्रकारांकडून काढून घेतले. कागद विलायती आणि कसब मुघल कलमाचं. त्याच सुमारास दक्षिणेत मराठी बोलणाऱ्या एका राजालाही हा छंद होता, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले यांनी आपल्या चित्रकारांकडून निसर्गचित्रं करून घेतली. त्यांनी तिथले रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना भेट दिलेला चित्रसंग्रह आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाची कीर्ती सांगताना आपण पोथ्यांवर थांबतो. राजाच्या चित्रशाळेतही पशुपक्ष्यांचा अभ्यास चालायचा, हे त्याच्या जोडीनं सांगायला हवं.

मुंबईची गोष्ट १८८३ मध्ये सुरू होते. त्या सप्टेंबरात आठ जण जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांत दोन मराठी डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. पहिले प्रार्थना समाजाचे, दुसरे वनस्पतींचे जाणकार आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. सुधारणेच्या धामधुमीत असलेली ही माणसं पाखरं, फुलपाखरं आणि साप यांच्यासाठीही वेळ काढत होती. संस्थापकांतले आणखी एक, एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, यांचा जन्म साताऱ्याचा. मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक १९०० साली निघालं. सोसायटीच्या फोर्टमधल्या जुन्या जागेत विल्यम नावाचा एक पाळलेला धनेश १८९४ पासून १९२० पर्यंत राहिला, आणि त्याच्यावरूनच धनेश हे सोसायटीचं चिन्ह झालं. आजच्या कचेरीचं नावही हॉर्नबिल हाऊस.

हॉर्नबिल हाऊसमधल्या कपाटांतल्या खणांत पक्ष्यांच्या हजारो कातड्या ठेवलेल्या आहेत. आत कापूस भरलेला, पंख अंगालगत मिटलेले, पाय एकावर एक ठेवून बांधलेले आणि पायाला चिठ्ठी. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर की मादी, आणि गोळा करणाऱ्याचं नाव. पक्षीचित्रकाराला अशा खणासारखं विद्यापीठ नाही. पंखाची मुख्य पिसं किती, त्यांच्यावर आच्छादक पिसांच्या ओळी कशा बसतात, पाठीवरचा पट्टा कुठे संपतो आणि कमरेवरचा कुठे सुरू होतो, हे उडत्या पाखरावर कधीच दिसत नाही. इथे ते हातभर अंतरावरून पाहता येतं, मोजपट्टी लावून मोजता येतं. सुतार, तांबट, कोकीळ यांच्या पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे. दयाळ, बुलबुल, चिमणी यांची तीन पुढे आणि एक मागे. नवख्या हाताच्या चित्रात फांदीवरचा पाय पानाआड लपवलेला असतो, तो बहुतेक वेळा या अज्ञानामुळे.

पण कातडी जेवढं देते तेवढंच काढूनही घेते. डोळ्याच्या जागी कापूस असतो. बुबुळ लाल होतं की पिवळं, ते चिठ्ठीवर लिहून ठेवलं असेल तरच कळतं. चोचीचा, पायांचा, डोळ्याभोवतीच्या उघड्या त्वचेचा रंग मेल्यावर उतरत जातो. तांबटाच्या पायांचा लाल तिथे मातकट दिसतो. सगळ्यांत मोठं नुकसान आकाराचं. छाती कापसाची, मान सरळ, खांदे पडलेले. जिवंत पाखरू थंडीत पिसं फुलवून गोळा होतं, उन्हात चोच उघडी टाकून अंग आवळतं, घाबरलं की उंच आणि बारीक होतं. हे सगळं कातडीत हरवतं. नुसत्या कातडीवरून काढलेलं चित्र अनुभवी माणूस लांबूनच ओळखतो, कारण त्यातला पक्षी फांदीवर बसलेला नसतो, चिकटवलेला असतो.

म्हणूनच पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचं नाव मी चित्रकलेच्या या प्रस्तावनेत आणतो. त्यांनी लहानपणी टिपलेली पिवळ्या गळ्याची चिमणी आणि ती ओळखून घ्यायला गेल्यावर सोसायटीतल्या मिलर्डसाहेबांनी उघडून दाखवलेले कातड्यांचे खण, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते १९३० चं किहीम. नोकरी नव्हती. अलिबागजवळच्या त्या गावी राहत असताना सुगरणींच्या वसाहतीसमोर बसून ते पाहत राहिले. नर अर्धवट घरटं विणतो. मादी येऊन तपासते. तिला पसंत पडलं तर तो ते पुरं करतो आणि ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो. कातड्यांचे कितीही खण धुंडाळले असते तरी हे कळलं नसतं.

चित्रकाराच्या हाती यातून काय येतं ते पाहा. सुगरणीचं घरटं शिरस्त्राणासारख्या अर्ध्या अवस्थेत असेल आणि खालची नळी नसेल, तर नर अजून मादीला बोलावतोय. तो त्या घरट्याला लटकून पंख फडफडवत असणार. लांब नळीचं पुरं घरटं असेल तर आत संसार सुरू झालाय. नराच्या डोक्याचा झळझळीत पिवळा रंग फक्त विणीच्या हंगामातला, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यातला. ते पिवळं डोकं आणि मागे जानेवारीचं सुकलेलं गवत एका चित्रात आलं की चित्र खोटं ठरलं, मग पिसं कितीही सुबक असोत. चांगल्या पक्षीचित्रावर तारीख लिहिलेली नसते, पण जाणकाराला ती वाचता येते.

सालिम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ मध्ये आलं आणि पाखरं ओळखणं ही मुंबईकर मध्यमवर्गाची आवड बनली. इथे चित्राचं दुसरं काम समोर आलं, ओळख पटवण्याचं. अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन यांनी १९३४ च्या आपल्या पुस्तकात त्याची रीत घालून दिली होती. सगळे पक्षी एका बाजूला तोंड करून, एकाच उजेडात, आणि फरकाच्या खुणेवर बाण. आपल्या उपखंडाचे पक्षी १९८३ मध्ये जॉन हेन्री डिक यांनी १०६ चित्रफलकांवर मांडले. ते पुस्तक सालिम अली आणि डिलन रिप्ली यांचं. पुढे १९९८ मध्ये ग्रिमेट आणि इन्स्किप पतिपत्नींचं उपखंडाच्या पक्ष्यांवरचं जाडजूड पुस्तक आलं. ते बारा चित्रकारांनी मिळून रंगवलं आणि त्यांत गोव्याचे कार्ल डिसिल्वा होते. डिसिल्वा २०१५ मध्ये गेले. परदेशी चित्रकारांच्या त्या यादीत त्यांचं नाव वाचताना मला नेहमी अभिमान वाटत आला आहे. वर्षानुवर्षं तेच उजेड, तीच झाडं, तेच पक्षी पाहिलेल्या माणसाचं रंगकाम त्या पुस्तकात आहे, ही साधी गोष्ट नाही.

मात्र ओळखपुस्तकातला चित्रफलक म्हणजे पक्षीचित्र नव्हे, हा भेद सुरुवातीलाच समजून घेतलेला बरा. फलकातला पक्षी हा नमुना. तो ऊन-सावलीबाहेर असतो, त्याच्या अंगावर शेजारच्या पानाचा हिरवा उजेड पडत नाही, त्याचं एकही पीस मोडलेलं नसतं. ओळखायला तसाच हवा. पण चित्रात पक्ष्याला जागा लागते, वेळ लागते, हवा लागते. बगळ्याचं उदाहरण घ्या. फलकावर त्याला एक करडी बाह्यरेघ पुरते. चित्रात पांढऱ्या कागदावर पांढरा पक्षी काढायचा तर कागद कोराच ठेवून भोवतालचं गवत गडद करावं लागतं. मग सावलीच्या बाजूला निळसर करडा, पोटाखाली गवताचा हिरवट परतलेला उजेड, आणि खरा पांढरा फक्त पाठीवर, ऊन पडलंय तेवढ्याच जागी. बगळा रंगवायला पांढरा रंग जवळजवळ लागतच नाही. जलरंगांत तर तो न लावण्यातच कौशल्य.

फोटो इतके उत्तम निघत असताना हा खटाटोप कशाला, असं तरुण मुलं विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. कॅमेरा एका क्षणाचं सत्य सांगतो. त्या क्षणी पापणी मिटलेली असेल, पंखाची सावली गळ्याच्या खुणेवर पडली असेल, संध्याकाळच्या तांबूस उजेडानं पांढरं पोट केशरी झालं असेल. चित्रकार पन्नास क्षण पाहून एक क्षण निवडतो आणि त्या एकात बाकीच्यांची माहिती असते. स्वीडनचे लार्स जॉन्सन दुर्बिणीला डोळा लावून जागेवरच रंगवतात. पाखरू हललं की अर्धं रेखाटन तसंच सोडून शेजारी नवं सुरू. पाखरू थोड्या वेळानं त्याच ढबीत परत येतं, मग पहिलं पुढे न्यायचं. अशी अर्ध्या-मुर्ध्या रेखाटनांनी भरलेली वही मला पुऱ्या झालेल्या चित्राइतकीच मोलाची वाटते. फोटो जरूर वापरावा, तोही स्वतः काढलेला किंवा परवानगी घेतलेला. पण पडद्यावरच्या फोटोवर कागद ठेवून गिरवलेलं पाखरू हे त्या फोटोचं चित्र, पाखराचं नव्हे.

आता आपल्या अंगणाविषयी. जगातल्या फार थोड्या महानगरांना मुंबईसारखं भाग्य लाभलंय. बोरिवलीला लोकलमधून उतरून पायी गाठता येणारं राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, एका अंगाला बोरिवली-गोरेगाव, दुसऱ्या अंगाला मुलुंड-भांडुप. गोरेगावला फिल्मसिटीजवळ, उद्यानाच्या हद्दीला लागून, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्गशिक्षण केंद्र आहे. पावसाच्या तोंडावर नवरंग येतो. कान्हेरीच्या ओढ्याशी पर्वत कस्तूर पहाटेच्या अंधारात शीळ घालतो. हिवाळ्यात स्वर्गीय नर्तक बांबूंतून पांढरी फीत ओढत गेल्यासारखा जातो. पूर्वेला मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत ठाण्याच्या खाडीची तिवरं, आणि भांडुप पंपिंग स्टेशनजवळचा पाणथळ भाग पक्षीमित्रांच्या पायाखालचा. जंगल, खाडी, तलाव आणि वस्ती, चारही प्रकारचे पक्षी एका रेल्वे पासावर पाहता येतात.

यांपैकी खाडीतल्या रोहितावर, म्हणजे फ्लेमिंगोवर, थोडं थांबायला हवं, कारण उपनगरातल्या चित्रकाराची खरी परीक्षा तोच घेतो. ठाण्याच्या खाडीत तो नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेअखेरपर्यंत असतो. त्याच्यासाठी २०१५ मध्ये १,६९० हेक्टरचं अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये ही खाडी रामसर स्थळांच्या यादीत गेली. येणारे रोहित दोन जातींचे. मोठा उभा राहिला की चार फुटांच्या वर, रंगानं फिका, चोच गुलाबी आणि टोक काळं. लहान तीन फुटांच्या आतबाहेर, रंगानं गडद, चोच लालसर काळपट. दोघांना एकच गुलाबी फासला की दोघेही गेले. अंगावरचा गुलाबी अन्नातून येतो, त्यामुळे एकाच थव्यात रंगाच्या कितीतरी पायऱ्या दिसतात, आणि पिल्लं तर करडी-तपकिरी. पाय मागे वाकलेला दिसतो तो गुडघा नव्हे, घोटा. गुडघा वर पोटाच्या पिसांत दडलेला असतो. हे कळलं की पायाची रेघ आपोआप सुधारते. खाताना डोकं उलटं होतं, चोचीची वरची बाजू चिखलाकडे जाते, आणि मानेचा वळसा पाण्यापर्यंत उतरतो. पक्षीचित्रकार ऑड्युबॉननं १८२७ ते १८३८ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात अमेरिकेचे पक्षी मूळ आकारात काढायचा हट्ट धरला होता, म्हणून रोहिताची मान त्याला खाली वाकवावी लागली. एवढा मोठा कागद घेऊनही तो पक्षी सरळ मावेना. तो ताजे मारलेले पक्षी तारांनी फळ्यावर उभे करून काढायचा. आपल्याला तशी गरज नाही, आणि तशी मुभाही नाही, याचा मला आनंद आहे.

पंख मिटलेला रोहित गुलाबी. पंख उघडले की आतली उडण्याची पिसं काळीभोर आणि त्यांच्या वरची आच्छादक पिसं किरमिजी. हे रंग लांबून, उडत्या थव्यात, क्षणभर दिसतात. मे २०२४ मध्ये एका रात्री घाटकोपरच्या रहिवाशांना ते रस्त्यावर पडलेले दिसले. विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले आणि त्यांची शरीरं वस्तीत विखुरली. त्या बातमीचे फोटो मी बराच वेळ पाहू शकलो नाही. खाडीकाठची भरणी, विजेच्या तारा, रात्रीचे दिवे, विमानांचे मार्ग या सगळ्यांमधून वाट काढत हा पक्षी आपल्या शहरात राहतो. त्याचं चित्र काढताना मागची टॉवरची रांग पुसून तिथे धुकं घालायची सवय अनेकांना आहे. मला ती मान्य नाही. मुलुंड-ऐरोलीचा पूल, खाडीपलीकडच्या इमारती, तारांचे मनोरे हे या रोहिताचं खरं रान आहे. ते वगळून काढलेला रोहित ठाण्याच्या खाडीचा राहत नाही.

रंगांविषयी एक गोष्ट इथेच सांगतो, तपशील पुढच्या प्रकरणांत. पवईच्या काठावर बसलेल्या खंड्याचा निळा हा रंगद्रव्याचा निळा नाही. पिसाच्या सूक्ष्म रचनेवर उजेड विखुरतो, त्यातून तो दिसतो. सावलीत तोच पंख मंद दिसतो आणि उन्हात वळला की पेटतो. म्हणून खंड्या एका निळ्यात कधीच होत नाही. डोक्याच्या चॉकलेटी रंगाशेजारी थंड फिका निळा, त्याच्या कडेला हिरवट झाक, पंखाच्या दुमडीत जांभळट सावली. ट्यूबमधला सर्वांत झगझगीत निळा थेट लावणाऱ्याचा खंड्या प्लॅस्टिकचा दिसतो. रंगांसाठी विलायतेकडे डोळे लावायचंही कारण नाही. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ मध्ये शाई बनवण्यापासून सुरू केलेला कॅम्लिनचा उद्योग अंधेरीच्या एमआयडीसीतला, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक मुलांनी पहिला पक्षी त्याच्याच रंगपेटीतून काढलाय. अडचण रंगांची नसते, पावसाळ्यातल्या हवेची असते. जून ते सप्टेंबर उपनगरात कागद ओलसर होतो, पहिला थर वाळेपर्यंत दुसरा त्यात पसरतो, आणि कपाटातल्या चित्रांना बुरशी धरते. त्या चार महिन्यांत पेन्सिल आणि वही बरी.

पाखरांबद्दल मराठीत लिहिणारे आपल्याला मोठे मिळाले. मारुती चितमपल्लींनी वनखात्यात आयुष्य घालवून, आदिवासींकडून, कोळ्यांकडून, संस्कृत ग्रंथांतून नावं गोळा करून ‘पक्षीकोश’ रचला. ते २०२५ मध्ये गेले, पण त्यांच्यामुळे मराठी वाचकाला आपल्या पाखरांची नावं परकी राहिली नाहीत. चित्रं मात्र आपण बहुतेक इंग्रजी पुस्तकांतून पाहिली, आणि ती काढणारे बहुतेक दूरदेशीचे. त्यांचं काम उत्तम आहे. तरी आरेच्या उंबरावरचा तांबट, भांडुपच्या बांधावरचा खंड्या, गोराईच्या तिवरांतला बगळा यांची चित्रं मराठी हातानं, इथे राहून, वर्षाचे बाराही महिने पाहून काढलेली असावीत, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. या पुस्तकातला शब्द न् शब्द त्यासाठी खर्ची पडला आहे.

एक ताकीद मात्र कडक शब्दांत. घरट्याजवळ बसून चित्र काढू नये. आई-बाप घाबरून दूर राहतात, अंडी थंड पडतात, आणि माणसाच्या वावरानं सावध झालेले कावळे पुढे तिथेच डोकावतात. मोबाइलवर आवाज वाजवून पाखराला फांदीवर बोलावणं हेही विणीच्या दिवसांत क्रूरपणाचं आहे. चित्रासाठी लागणारं सगळं लांबून, चांगल्या दुर्बिणीतून आणि पुरेशा सबुरीनं मिळतं.

नव्या माणसानं सुरुवात कुठून करावी? नवरंगापासून नको, रोहितापासूनही नको. स्वयंपाकघराच्या खिडकीवर येणाऱ्या कावळ्यापासून करावी. तो जवळ येतो, धीट असतो, पुष्कळ वेळ थांबतो, आणि त्याला काळा म्हणणाऱ्यानं त्याला पाहिलेलंच नसतं. कपाळ आणि गळा काळा, मान आणि छाती करडी, आणि त्या दोहोंची सीमा कुठेही रेघेनं आखलेली नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात पंखावर निळी-जांभळी झाक येते, दुपारी ती जाते. विणीनंतर पिसं बदलायला लागली की पंखात फटी दिसतात, जुनी पिसं तपकिरी आणि नवी चकचकीत. त्याच्यासाठी काळी ट्यूब उघडू नये. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून जो गडद रंग होतो त्यात निळ्याचं प्रमाण कमी-जास्त करून उन्हाची आणि सावलीची बाजू दोन्ही साधतात. पण ते नंतर. पहिली वही नुसत्या पेन्सिलीनं, नुसत्या कावळ्यांनी भरावी: वाकलेला, चोच पुसणारा, पावसात भिजून मान आखडलेला, शेजारच्याकडे तिरका पाहणारा. ती भरली की मग दुसऱ्या प्रकरणाकडे यावं. कागद कोणता घ्यावा आणि ब्रश किती नंबरचा, हे तिथे सांगितलं आहे.